अंड्यावर आलेली कोंबडी

मंगळवार, १२ मार्च २०१३. सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी माझ्या थोरल्या जाऊबाई हौसाक्का एक आजारी कोंबडी काखेत घेऊन माझ्या दारात आल्या.

कोंबडी तपकिरी, गावठी, दीड-पावणेदोन वर्षांची होती. ओट्यावर ठेवली तरी चालेना. पिसं फुलवून, शेपटी खाली सोडून, मान आत ओढून बसली.

"बघ गं वैजे," अक्का म्हणाल्या. "कालधरनं अशीच बसून हाय. दाण्याला तोंड लावंना."

मी विचारलं, तुम्हाला काय वाटतं?

"मला काय इचारतीस? शिकून तू आलीस. तूच बघ."

त्या थट्टेनं म्हणाल्या आणि मीही हसले. शिकून येणं म्हणजे तीन महिन्यांपूर्वी मी तालुक्याला आठ दिवस राहून पशुसखीचं प्रशिक्षण घेतलं होतं. गावातल्या शेळ्या-कोंबड्यांची लहानसहान दुखणी बघायची, लस टोचायची, आपल्याला जमणार नाही ते डॉक्टरांना कळवायचं, एवढं पशुसखीचं काम. ते आठ दिवस मला मिळाले ते अक्कांमुळे. सासूबाई नको म्हणत होत्या आणि आमचे हे गप्प होते. अक्का चुलीपुढून उठल्या नाहीत, तिथूनच म्हणाल्या, तिची पोर माझ्यापाशी, तिची म्हस माझ्यापाशी, आणखी काय अडतंय ते सांगा. मी गेले.

त्या आठवड्यात माझं एक मोठं काम ठरलेलं होतं. शुक्रवारी सकाळी आमच्या वाडीतल्या कोंबड्यांना पहिल्यांदा मानमोडीची लस द्यायची होती. मानमोडी म्हणजे कोंबड्यांची मर. एका खुराड्यात शिरली की आठ-दहा दिवसांत वाडीतली खुराडी रिकामी करते, आणि तिला औषध नाही. आधी लस दिली तरच पाखरू वाचतं. पण लसीची एक बाटली शंभर पाखरांची असते, आणि एकदा कालवली की दोन तासांत संपवावी लागते. म्हणजे सगळ्या वाडीनं एकाच सकाळी, उजाडायच्या सुमाराला, कोंबड्या बाहेर सोडायच्या आत खुराडं माझ्या ताब्यात द्यायला हवं. एकोणीस घरांना तयार करायला मला दोन महिने लागले. कुणी म्हणालं लस दिली की कोंबडी अंडं धरत नाही. कुणी म्हणालं, हिच्या हाताला गुण आहे का ते तर बघू आधी. त्यामुळे त्या दिवसांत मी हातात घेतलेल्या प्रत्येक कोंबडीवर वाडीचा डोळा होता. माझ्या हातात एक जरी मेली असती, तरी शुक्रवारी कुणीही खुराडं उघडलं नसतं. हे मला ठाऊक होतं. अक्कांनाही ठाऊक होतं.

प्रशिक्षणात शिकवलेला पहिला प्रश्न आजारी पाखराबद्दलचा नसतो. तो बाकीच्यांबद्दलचा असतो. मी तो विचारला.

"बाकीच्या कशा हायत, अक्का?"

"चरत्यात की. सव्वीस हायत, एक बी बसून न्हाई."

अक्कांचं खुराडं माझ्या ओट्यापासून दोनशे पावलांवर होतं. मी तिथवर गेले नाही.

मग मी कोंबडी तपासली. तुरा फिका नव्हता. चोच उघडी नव्हती, घरघर नव्हती. गळ्याखालची पोटी रिकामी होती. विष्ठा पातळ आणि हिरवट होती. दोन दिवस खाल्लं नाही की कोंबडी हिरवं टाकते, म्हणून मी ते तिथंच सोडलं. शेवटी शेपटीखाली हात घालून चाचपलं.

आमच्याकडं रोज सकाळी खुराडं उघडायच्या आधी घरातली बाई प्रत्येक कोंबडी अशी चाचपते. मागची दोन हाडं किती फाकलीत आणि त्यांच्यामागं टणक काही लागतं का, हे बोटांना कळतं. जी अंड्यावर आलेली असेल ती डालग्याखाली झाकून ठेवायची, बाकीच्या सोडायच्या. नाहीतर कोंबडी कुणाच्या तरी गंजीत अंडं घालून येते. लग्न होऊन आले तेव्हा मला यातलं काही येत नव्हतं. अक्कांनी माझी बोटं धरून शिकवलं होतं. वाडीत म्हणत, हौसा कोंबडी उचलायच्या आधीच सांगते, आज देणार का उद्या.

माझ्या बोटांना अंडं लागलं. पूर्ण मोठं, आणि दाराशी आलेलं.

"अंडं अडकलंय," मी म्हणाले.

अक्कांनी माझ्याकडं बघितलं. "नक्की?"

"हाताला लागतंय की. तुम्ही बघा."

"तू बघितलंस न्हवं? झालं मग."

घमेल्यात कोमट पाणी घेऊन मी कोंबडीला पोटापर्यंत वीस मिनिटं त्यात बसवलं. नंतर अंग पुसलं, शेपटीखाली गोडं तेल लावलं आणि माजघरातल्या अंधाऱ्या कोपऱ्यात पोत्यावर डालग्याखाली ठेवलं. अकरा वाजून दहा मिनिटांनी अंडं आलं. कवच नव्हतंच, नुसती कातडी होती आणि बोटानं दाबली की आत जात होती. अंगात चुना कमी पडला की असं होतं. मी चुन्याची निवळी पाजली.

दुपारी अक्का आल्या. अंडं तळहातावर घेऊन त्यांनी उलटंसुलटं केलं. मग तसंच हातात धरून त्या बाहेर नळावर गेल्या आणि तिथं उभ्या असलेल्या चार-पाच बायकांना ते दाखवलं. वैजयंतानं अर्ध्या दिवसात मोकळी केली, असं त्या सांगत होत्या. मी दारात उभी राहून ऐकलं. त्या दिवशी मला इतकं बरं वाटलं होतं, की ते आजही लिहिताना अवघड जातं.

बुधवारी मी दिवसभर हरभरा काढायला रानात होते. कोंबडी तशीच बसून होती, पण पाणी प्याली, असं माझी मुलगी म्हणाली.

गुरुवारी पहाटे पाच पन्नासला मी डालगं उचललं. कोंबडीचं डोकं उलटं फिरून पाठीला लागलं होतं आणि चोच आभाळाकडं होती. ती एका पायावर स्वतःभोवती गोल फिरत होती. हे चित्र मी प्रशिक्षणात कागदावर पाहिलं होतं. अंडं अडकल्यानं मान फिरत नाही.

सात वाजून पाच मिनिटांनी डॉक्टरांना फोन लागला. मी सगळं क्रमानं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं.

"त्या घरातल्या बाकीच्या कोंबड्या बघितल्यास का?"

"नाही, सर. विचारलं होतं."

मग म्हणाले, उद्याची लस थांबव. रोग आत असताना लस दिली तर पाखरं मरतील आणि गाव म्हणेल लसीनं मेली. त्या घराच्या कोंबड्या बंद करायला सांग, एकही बाहेर जाता कामा नये.

मी तशीच अक्कांकडं गेले. खुराड्याचं दार सताड उघडं होतं. आत जमीन झाडून राख पसरलेली होती. पाखरू एकही नव्हतं. अंगणातही नव्हतं.

अक्का परसात शेणी लावत होत्या. मागं परड्यात, शेवग्याच्या बुंध्याशी नवी माती दिसत होती, वर बोरीच्या फांद्या टाकलेल्या होत्या. कुत्र्यांनी एका बाजूनं उकरलं होतं. एक पंख आणि दोन पाय वर आले होते. पंख काळा होता, पाय पिवळे, म्हणजे निदान दोन कोंबड्यांचे.

"कवा मेल्या ह्या?" मी विचारलं.

"रविवारी."

"किती?"

"तीन. सोमवारी दोन."

"आणि बाकीच्या?"

"काल बाजारात नेल्या."

मी काय बोलले ते मला नीट आठवत नाही. मला सांगायचं तरी, असं काहीतरी म्हणाले असेन. अक्कांनी हातातली शेणी लावून पुरी केली आणि मग उत्तर दिलं.

"सांगितलं असतं तर तू गप बसली असतीस?"

मी गप्प बसले नसते. हे दोघींनाही माहीत होतं.

"मग काय सगळ्या मरायची वाट बघू?" त्या म्हणाल्या. "मेलेली कोंबडी कोन घेतंय, वैजे? आन बाजारात सगळंच नेत्यात. मर आली की म्होरं जायाच्या आत इकायचं, हे काय मी नवं काढलं न्हाई."

हे खरं होतं. मर लागली की वाडीत कुणी तोंडातून शब्द काढत नाही. जी पाखरं उभी आहेत ती दोन दिवसांत बाजारात जातात. विकत घेणाऱ्यालाही ते ठाऊक असतं, म्हणून मरीच्या दिवसांत, फाल्गुन-चैत्रात, तो चार प्रश्न जास्त विचारतो. अक्कांना बुधवारी ते प्रश्न विचारले गेले होते. त्यांनी काय उत्तर दिलं ते मला अकरा दिवसांनी कळलं.

कोंबडी सकाळी नऊ वीसला मेली. मी खोल खड्डा काढून चुना टाकून पुरली. संध्याकाळपर्यंत एकोणीस घरं फिरून लस नाही म्हणून सांगितलं. का नाही, हे विचारल्यावर मर आली आहे एवढंच सांगितलं. कुणाकडं, ते सांगितलं नाही. सोमवारपासून माझ्या स्वतःच्या कोंबड्या बसायला लागल्या. अकरा होत्या. त्यातली एक वाचली.

सोमवार, २५ मार्च. दुपारी चारच्या सुमाराला ओढ्यापलीकडच्या बोरजाईतल्या सहा बायका आमच्या भैरोबाच्या देवळात येऊन बसल्या आणि मला बोलावणं आलं. त्यांच्या पुढं तानूबाई लोहार होत्या. बोरजाईच्या बचत गटानं नवीन कोंबडीपालन सुरू केलं होतं, आणि त्या बुधवारी बाजारात त्यांनी चौदा तलंगा घेतल्या होत्या. अंड्यावर यायला आलेल्या, एकाच घरच्या, एका रंगाच्या. त्या दोन-दोन करून सात घरांत वाटल्या. चौदाही मेल्या. त्यांच्याबरोबर त्या सात घरांतल्या आणि शेजारच्या मिळून शंभरावर कोंबड्या गेल्या.

तानूबाई मोठ्यानं बोलल्या नाहीत. त्या म्हणाल्या, आम्ही बाजारात विचारलं होतं. मर तर नाही ना, असं दोनदा विचारलं. तेव्हा हौसाबाईंनी सांगितलं की एक बसली होती, तीही पशुसखीनं बघितली, अंडं अडकलं होतं, नळावरच्या बायकांना विचारा.

"तुझं नाव घेतलं म्हणून घेतल्या, बाई," तानूबाई म्हणाल्या. "न्हाईतर फाल्गुनात आमी कोंबडी घेत न्हाई."

देवळात आमच्या वाडीतली पंधरा-वीस माणसं जमली होती. अक्का खांबाला टेकून बसल्या होत्या, डोक्यावरचा पदर नीट करून. कुणीतरी त्यांना विचारलं, हौसाबाई, तुम्हाला ठाऊक नव्हतं?

"मला काय ठावं?" अक्का म्हणाल्या. "मी अडानी बाई. कोंबडी आजारी पडली, हिच्याकडं नेली. हिनं सांगितलं अंडं अडकलंय. आता शिकल्याली म्हणतीया तर आपुन ऐकायचं का न्हाई?"

म्हाताऱ्या बायकांपैकी एक-दोघी खाली बघायला लागल्या. हौसाक्काच्या बोटांना काय कळतं हे त्या देवळात सगळ्यांना माहीत होतं. पण मर लागल्यावर कोंबड्या विकल्या होत्या त्या सगळ्यांनीच, कधी ना कधी.

मी अक्कांकडं बघत राहिले. परड्यातला खड्डा मी बघितला होता, आणि मी तो बघितलाय हे त्यांना माहीत होतं. त्यांनी माझ्याकडं बघावं एवढंच मला हवं होतं. त्यांनी बघितलं नाही.

तेव्हा मी बोलले ते एवढंच: "चूक माझी हाय. बाकीच्या कोंबड्या बघायला मी गेले न्हाई. जायला पायजे होतं."

खड्ड्याचं मी बोलले नाही. का, याचं कारण मी स्वतःला वेगवेगळ्या वेळी वेगवेगळं दिलं आहे. एका घरच्या सुना आम्ही. माझी पोर आठ दिवस त्या बाईच्या कुशीत झोपली होती. आणि मी म्हणाले त्यात खोटं काही नव्हतं.

तानूबाई उठताना म्हणाल्या, बरं. सहाजणी ओढ्याकडं निघून गेल्या.

त्याच आठवड्यात शोभा, म्हणजे अक्कांची सून, ताक द्यायला आली. ती पोर साधी होती, तेव्हा लग्नाला वर्षही झालं नव्हतं. अक्का आणि मी बोलत नव्हतो ते तिला खुपत होतं, म्हणून ती सासूची बाजू सांगत होती.

"आत्याबाईंनी लई जीव लावला हो त्या कोंबड्यांना," ती म्हणाली. "त्या मंगळवारी सात बसल्या होत्या. अंधारातच आत्याबाई खुराड्यात शिरल्या आन सातीच्या साती चाचपल्या. मी बत्ती धरली होती. परत परत चाचपल्या. मग ती तपकिरी घेतली आन म्हणाल्या, ही नेते वैजयंताकडं."

मी विचारलं, तीच का?

"ती एकलीच अंड्यावर होती न्हवं," शोभा म्हणाली.

मी ताकाचं भांडं रिकामं करून, धुऊन तिच्या हातात दिलं.

त्या वर्षी आमच्या वाडीत लस झाली नाही. पुढच्या वर्षी सहा घरं तयार झाली, त्यात अक्कांचं नव्हतं. पण त्याआधी, फेब्रुवारी २०१४ मध्ये, मला पहिलं बोलावणं आलं ते बोरजाईहून. तानूबाईंनी निरोप पाठवला की आमच्या गटाच्या कोंबड्यांना लस द्यायला ये. मी बर्फाच्या थर्मासात बाटली घेऊन ओढा ओलांडून गेले आणि उजाडायच्या आत ब्याण्णव पाखरांच्या डोळ्यांत थेंब घातले. कुणी मागचा विषय काढला नाही. माझं काम तिथून परत सुरू झालं. आज माझ्याकडं अकरा वाड्या आहेत.

त्या बायकांनी मला परत का बोलावलं, याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती. मी देवळात सरळ बोलले होते. पुढं तालुक्याला नव्या पशुसखी शिकायला येऊ लागल्या तेव्हा मला त्यांच्यापुढं बोलायला उभं करत. मी दर वेळी हा प्रसंग सांगायचे, नावं गाळून. शेवटी म्हणायचे, चूक झाली तर चारचौघांत कबूल करा, माणसं परत येतात. हे मी अकरा वर्षं सांगितलं.

या वर्षी चैत्रात तानूबाईंच्या नातवाचं लग्न होतं. जेवणं उरकल्यावर आम्ही दोघी मांडवाच्या कडेला बसलो होतो. त्या आता सत्तरीला आल्या आहेत. बोलता बोलता म्हणाल्या, तुझा एक गुण मला आवडला बघ, केलेलं बोलून दाखवत नाहीस.

मला कळलं नाही. मी विचारलं, काय केलेलं?

"आगं, ती अंडी."

मग त्यांनी सांगितलं. मर संपल्यावर, त्या वर्षी आषाढाच्या आधी, माझी जाऊ टोपलीत भुसा घालून साठ अंडी घेऊन बोरजाईत आली होती. लांबच्या कुठल्या तरी गावाहून गोळा केलेली, खुडूक, म्हणजे उबवायला बसलेल्या कोंबडीखाली ठेवायची गावठी अंडी. सातही घरांत तिनं ती स्वतः हातानं वाटली. कुठल्या घरात खुडूक कोंबडी नव्हती तर तिथं तीही आणून दिली. त्यातून चाळीसच्या वर पिल्लं निघाली, बोरजाईची खुराडी त्यावर परत भरली. तिला बस म्हटलं तर बसली नाही, पाणीही घेतलं नाही.

"म्हणाली, वैजयंतानं पाठवल्यात. तिला तोंड दाखवायची लाज वाटतीया, म्हनून मला धाडलंय. तिला इचारू नका," तानूबाई म्हणाल्या. "आमी न्हाई इचारलं. पर तवाच ठरवलं, लस द्यायची तर हिच्याच हातनं."

मी अंडी पाठवली नव्हती. तानूबाईंना मी तसं सांगितलं नाही.

हौसाक्का आता अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत. डोळ्यांनी कमी दिसतं, कानाला चांगलं ऐकू येतं. दोनशे पावलांवर राहतात. लग्नाहून येऊन मला चार महिने झाले. त्यांना मी अजून काही विचारलेलं नाही.